हरल्यावरचा पाव सेकंद

३ नोव्हें., सोम. पार्से

मी आले आणि टोपी आली. घरात विचारपूस टोपीचीच जास्त. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली. भोकाभोकांची, तारा लोंबणारी. "पेंवपाची काय गो ही?" म्हणाले. पोहायची नाही, मेंदूतली वीज मोजायची, असं सांगितलं. तुयेच्या कारखान्यात बाबांचा जन्म गेला, वीज म्हटल्यावर त्यांनी आधी घरातलं अर्थिंग तपासलं.

निघताना स. म्हणाले (स. म्हणजे सर, माझे गाइड, पूर्ण लिहायची इच्छा होत नाही), "तुझा फायदा काय आहे माहितीय? तुला त्या लोकांपर्यंत पोचता येतं." ते लोक म्हणजे शेजारची सुलूकाकी. लहानपणी मला न्हाऊ घालायची.

एम.एस्सी.ची शेवटची सहामाही. प्रबंध. विषय माझा, माझ्या डोक्यातून आलेला, हे इथे तरी लिहून ठेवते. आमच्याकडे काही मोठं ठरवायचं झालं की देवीला कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर ना. ना आलं तर ना, पुढे वाद नाही. आता असा नकार जन्मभर ऐकत आलेल्या माणसाचा मेंदू हरल्यावर काय करतो? हरलो हे कळल्यावर पाव सेकंदात डोक्यातल्या विजेत एक खड्डा पडतो. सगळ्यांना पडतो. यांचा उथळ असतो का? एवढंच बघायचं आहे. जानेवारी लागेपर्यंत पुरेशी माणसं टोपी घालून बसली तर पदवी. नाहीतर नाही.

५ नोव्हें.

पुढच्या खोलीत मांडामांड. टेबल, लॅपटॉप, बाबांची कदेल (हातांची खुर्ची). पंखा बंद, फ्रिज बंद (आई कुरकुरली), जनेलाला चादर, बाहेरचा उजेड नको.

पहिली सुलूकाकी. ठेवणीतली साडी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर आणि डोकं तेलाने निथळतंय. खोबरेल, घरच्या घाण्याचं. "डोक्याक मशीन लावतलें म्हणून बरेंशें तेल घालून आयल्यां गो." टोपी घसरत होती, पडद्यावर नुसता गोंधळ. तेलातून सिग्नल येत नाही. सांगितलं, काकी, उद्या शिकेकाईने न्हाऊन या, तेल नको. तिचा चेहरा पडला. केस घाण आहेत असं मी म्हटलं असं तिला वाटलं. कोणाकडे बिनतेलाचं डोकं घेऊन जायचं म्हणजे केवढी लाज, हे मला कळायला हवं होतं. दोन वर्षांत मीच विसरले.

९ नोव्हें., रवि.

सगळ्या जणी तेल घालून येतात. तेल नको असं सांगून ठेवलं की कमी तेल घालून येतात. आज एक काकू म्हणाली, "हें तेल न्हय गो, नुसतो हात पुसलो."

पण सुलूकाकी खरोखर न्हाऊन आली. केस मोकळे, तिला ते आवडलेलं नव्हतं. खेळ साधा आहे: पडद्यावर दोन दारं, एक निवडायचं, आत नाणं असेल तर जिंकलात, नसेल तर गेलं. दार रिकामं निघालं की ती हसायची. "गेलें तर गेलें." प्रत्येक वेळी तेच.

संध्याकाळी तिच्या सगळ्या डावांची सरासरी काढली. खड्डा. स्वच्छ, खोल, पुस्तकात असतो तसा. तोंडाने गेलें तर गेलें आणि आत हे. मला इतका आनंद झाला की अंगणात जाऊन उभी राहिले. दोन वर्षांत हा विषय मला पहिल्यांदा आवडला. कॉलेजात कोणी भेटलं की गोवा म्हणजे बीच, आणि गावात कोणी भेटलं की न्यूरोसायन्स म्हणजे पिशांचा, वेड्यांचा डॉक्टर. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी मी आहे असं आज वाटलं.

१२ नोव्हें.

वाड्यावर कुजबुज सुरू झाली आहे. कारण सुई. टोपीच्या भोकांतून केसांत जेल भरायला सिरिंज वापरतो. टोक बोथट आहे, टोचत नाही, मी स्वतःच्या तळहातावर दाबून दाखवलं. पण सिरिंज ती सिरिंज. चेडू, म्हणजे मी, डोक्यात इंजेक्शन देतं, असं पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीबरोबर सकाळी उंड्यांसकट घरोघर पोचलं.

आईला म्हटलं, बोलतील आणि गप्प बसतील. ती काही बोलली नाही. ती गप्प बसली की मी घाबरायला हवं, हे मला अजून शिकायचं आहे.

१४ नोव्हें., शुक्र.

आई सकाळी म्हापशाला बाजाराला गेली असं मी समजून होते. गेलीही होती. येताना फुलं आणली आणि परस्पर देवळात गेली.

संध्याकाळी आदोळीवर नारळ खवता खवता तिने सांगितलं. मान वर न करता. लोकांचं तोंड बंद व्हावं म्हणून तिने देवीला विचारलं, चेडवाचें हें मशीन गांवाक बरें मगो? देवी तिला नाही म्हणत नाही अशी घरात आमची समजूत. चार बायकांना मुद्दाम सोबत नेलं होतं, साक्षीला.

डावी पडली.

१५ नोव्हें.

कौलावरचा माझा अभ्यास कौलाने बंद पाडला. हे मी कोणाला सांगितलं तर हसतील. मी पण हसले असते.

भांडण झालं. म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं विचारायला? कोणी विचारलं नसतं तर देवी आपणहून खाली येऊन ना म्हणाली असती का? "तुज्या बऱ्याकच विचारलें गो." बरं. मग आता परत विचार. "एकदां दिलां तिणें. परत परत विचारप म्हणजे तिका फट म्हणप." म्हणजे देवीला खोटं पाडणं. बाबा मधे पडले नाहीत, कदेल उचलून पडवीत नेली आणि तिथे बसले.

१८ नोव्हें.

कोणी येत नाही. कोणी नाही म्हणतही नाही, हे जास्त वाईट. "घोवाक विचारतां." "भाताचें जालें की येतां." "हे आयतवारा न्हय, फुडल्या." आणि ज्या येत नाहीत त्या खायला पाठवतात. सुलूकाकीने डबाभर खतखतें पाठवलं. मी रागाने खाल्लं नाही. मग दुपारी खाल्लं. बरं होतं, हाच राग.

माझ्याकडे छापील संमतिपत्र आहे, सोप्या मराठीत, "कोणत्याही क्षणी कारण न देता माघार घेता येईल". याच एका वाक्याचा वाड्याने नीट उपयोग केला.

२० नोव्हें.

स.ना फोन केला. आधी हसले. मग एकदम उत्साहात. "हाच तर पेपर आहे! पुढच्या वेळी व्हिडिओ घे!" म्हटलं, सर, माझी माणसं गेली. "हो हो, ते बघू. रि. इथे कॅम्पसवर काही मुलं बसवू शकेल. देवळात तर सगळेच जातात, 'विधीने निर्णय घेणारे' असा गट करता येईल." ती मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी मारुतीला नारळ फोडतात. त्याला आणि कौलाला एकाच रकान्यात घालायचं. म्हटलं, सर, हे खरं नाही. "खरं काय ते डेटा ठरवेल," म्हणाले आणि ठेवला.

रि. माझी रूममेट. तिचा काही दोष नाही. तिच्यावरही रागच आला.

२५ नोव्हें. डिचोली

सुटकेस, टोपी, जेल घेऊन म्हापशाहून बस बदलून डिचोलीकडे, मावशीच्या गावी. तिथली देवी वेगळी, माणसं वेगळी. मावशी म्हणाली, "आमच्या हांगा सगळीं बसतलीं, तूं भियेनाका." काका खाणीच्या ट्रकांचं बघतात, आजूबाजूला सिंधुदुर्गातून आलेली ड्रायव्हर मंडळी. बायका हौसेने आल्या. तेल घालून आल्या, ते आता मी धरूनच चालते. अंगणात दगडावर बसवून एकेकीचे केस धुतले. हा कोर्स केल्यावर काय नोकरी मिळते असं कोणी विचारलं तर हे सांगायचं.

ट्रक गेला की जमीन हलते आणि पडद्यावर सगळ्या रेषा एकदम उड्या मारतात. ट्रकांच्या मधल्या वेळात काम.

३० नोव्हें., रवि. डिचोली

चांगल्या नोंदी मिळताहेत. थोड्या, पण चांगल्या. मावशीने जेवायला तिसऱ्यांचं सुकं केलं. पहिल्यांदा नीट जेवले.

३ डिसें. डिचोली

संपलं. पार्सेच्या कोणा बाईने आपल्या बहिणीला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला, तो फिरत फिरत इथे आला. सकाळी येणार होती ती ड्रायव्हरची बायको दारातच उभी राहिली. आत आली नाही. मूळची वेंगुर्ल्याकडची, बोलायला गोड. "तुमच्या गावच्या देवीन नको म्हटल्यान तर आमी कशी बसतलंव गो? तूच सांग." माझ्यासाठी आणलेले चार पेरू तिने पायरीवर ठेवले.

मावशीची वेगळी देवी वगैरे काही कामाला आलं नाही. नकाराला तालुक्याची हद्द नसते.

९ डिसें. पार्से

परत घरी. टोपी पेटीत. सकाळी उशिरा उठते, आई काही म्हणत नाही, त्याचाही राग येतो.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या तासाला हातात मेंदू दिला होता. थंड, वाटला त्यापेक्षा जड. बाकीची मुलं फोटो काढत होती. मला वाटलं होतं, आता मला माणसं कळतील. इतकी मूर्ख होते.

१६ डिसें.

स.ची मेल. रि.ने माझा खेळ, माझी दोन दारं, कॅम्पसवर सुरू केली. "निकाल आश्वासक." मी बारा जानेवारीच्या आत परत जाऊन तोच डेटा घेऊन प्रबंध लिहायचा, गटाचं नाव त्यांनी ठरवलेलं तेच. तसं केलं तर वेळेत पदवी. नाही तर यंदाच्या यादीत माझं नाव नाही, आणि विषय "लॅबकडे राहील". म्हणजे पुढच्या वर्षी कोणीतरी दुसरं करील. उत्तर सहा जानेवारीला हवं.

रि.चा मेसेज: सॉरी यार, सरांनी सांगितलं, मी काय करू.

मी पण तेच म्हणते. देवीने सांगितलं, मी काय करू.

बाबांना सांगितलं. त्यांनी अडकित्ता काढला. मग, "आमची देवी ना म्हणटा तें निदान तोंडार म्हणटा." सुपारी कातरत राहिले.

२२ डिसें.

परत भांडण. यावेळी मीच काढलं. म्हटलं, माझ्या ॲडमिशनच्या वेळी पण विचारलं होतंस ना? तेव्हा बरी उजवी पडली.

आई भांडी पुसत होती. थांबली. म्हणाली, "पयलीं डावी पडली."

मला कळेना. तिने बसून सांगितलं. जाण्याआधी तिने विचारलं होतं, चेडवाक धाडूं काय? डावी. तिने घरी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेली, गुरवाला म्हणाली, माझा प्रश्न वेगळा आहे. "शिकून परत येतली न्ही, म्हणून विचारलें. उजवी पडली. तितलें माका पुरो."

म्हणजे मला पाठवायला देवीने ना म्हटलं होतं. आईने पाठवलं. मी परत येणार एवढ्या एका उत्तरावर पाठवलं. आणि दोन वर्षं मी फोनवर तिला सांगतेय की पीएच.डी.साठी बाहेरदेशी जायचा विचार आहे, आणि ती म्हणतेय, बरें तर.

आणि परत परत विचारणं म्हणजे देवीला खोटं पाडणं, हे पण तिनेच सांगितलं होतं. ती एकदा करून चुकली होती, म्हणून माहीत होतं. मी खोलीत जाऊन रडले.

२८ डिसें., रवि.

काजूला मोहर आलाय. घरभर तो वास. आईशी बोलणं कामापुरतं.

आज सकाळी न्हाणीघरातून शिकेकाईचा वास आला. वार नाही, सण नाही. मग आई पुढच्या खोलीत आली. केस मोकळे, कोरडे, चेहऱ्याभोवती उडणारे. मी तिला अशी कधी पाहिली नाही, तेल नसलेली. बाबांची कदेल तिने स्वतः आत ओढली, जनेलाला चादर लावली. फ्रिज बंद केला.

"माका बसय."

म्हटलं, आई, देवीने ना म्हटलंय. "तिणें गांवाक ना म्हटलां. मी आवय तुजी." म्हटलं, नियमाने घरच्या माणसाची नोंद धरता येत नाही, उपयोग नाही. "उपयोग नाका. बसय."

टोपी घातली. जेल भरलं. ती डोळे मिटून, ओठ हलताहेत. कोणाची क्षमा मागत होती ते विचारलं नाही. मग खेळली. एकही ट्रक नाही, तेल नाही, वीज गेली नाही. सगळ्या कामातली सर्वांत स्वच्छ नोंद. दार रिकामं निघालं की पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "गेलें तर गेलें."

पाठमोरी बसून सरासरी काढली. तिचा खड्डा सगळ्यांहून खोल. सुलूकाकीपेक्षा, डिचोलीतल्या सगळ्यांपेक्षा. खड्डा म्हणजे दुःख नव्हे, असं लिहिणं चूक आहे, या चुकीला पहिल्या सहामाहीत माझे मार्क कापले होते. मला माहीत आहे. तरी पडद्याकडे बघवेना.

"कितें दिसता?" आईने विचारलं. म्हटलं, बरं दिसतं. तिचे केस धुऊन दिले. ती म्हणाली, राहू दे, तेल मीच घालीन. पण दिवसभर घातलं नाही.

२ जाने.

स.ना दोनदा मेल लिहिली, दोनदा पुसली. पहिलीत होय लिहिलं होतं.

होय म्हटलं तर हातात कागद येतो, पुढची दारं उघडतात, आणि सुलूकाकीच्या जागी कोणी एक हॉस्टेलचा मुलगा बसतो, माझ्या सहीने. नाही म्हटलं तर दोन वर्षं पाण्यात आणि मी पार्सेत, तुयेला पॅकिंगला. देवीला जे हवं होतं तेच. आईला जे हवं होतं तेही. आईला ते हवं आहे हे ती कधी तोंडाने म्हणणार नाही, आणि मला आता तिचा खड्डा दिसलेला आहे.

स. चोर आहेत. हे स्पष्ट लिहिल्यावर बरं वाटलं. फार वेळ नाही टिकलं.

६ जाने., मंगळ.

आई सकाळी म्हणाली, देवळात जाऊन येते, माफी मागायची आहे, टोपी घातली त्याची. मी पण निघाले. वाटेत सुलूकाकी भेटली, आईच्या अजून कोरड्याच केसांकडे तिने पाहिलं आणि तिला सगळं कळलं. नुसतं "जाऊन या" म्हणाली.

आईने गाऱ्हाणं घातलं. गुरव फुलं निवडत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुका कितें विचारूंचें आसा, बाय?" दोन वर्षं स. मला हेच विचारत होते, तुझा प्रश्न नेमका काय आहे, आणि मी कितीतरी पानं भरली. इथे मला पटकन सुचेना. मनातल्या मनात म्हणू लागले तर गुरव म्हणाला, "मनांत नाका. उलोवन सांग."

आई शेजारी उभी होती. मोठ्याने म्हटलं, "सरांनी बोलावलंय तसं परत जाऊ का?"

आईने देवीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. हा तिचाच पहिला प्रश्न होता, ज्याला डावी पडली होती. गुरवाने पाकळ्या पाण्यात बुडवल्या, एकेक चिकटवली, आणि बाजूला झाला. आम्ही दोघी खाली फरशीवर बसलो.

फोन थरथरला. स. असणार. आज सहा. मी उठायला लागले तर आईने हात धरला.

"पाकळ्यो वल्यो आसात अजून," म्हणाली. "बस."